आठ दिवसांची अट

पाण्याच्या तक्रारी नोंदवणाऱ्या एका खासगी कंपनीत मी होतो. एकाच घराची दुसरी तक्रार आठ दिवसांच्या आत आली तर ती गाळायची, ही अट कॉम्प्युटरमध्ये मीच घातली होती. आमच्या गल्लीत सगळे ज्यांना आपा, म्हणजे मोठी बहीण, म्हणतात त्यांनी नळ आला नाही म्हणून फोन केला. चार दिवसांनी नळाला गटाराचं पाणी आलं म्हणून पुन्हा केला, आणि तो फोन यादीतून गळाला.

"नळाला पाणी आठ दिवसाला, तर तक्रार बी आठ दिवसालाच करायची का, भैया?" संध्याकाळी मी अट सांगितली तेव्हा त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती अट काढली. यादी फुगली. साहेब म्हणाले, "परत घाला."

"दुसऱ्याकडून घालून घ्या, साहेब. माझ्या हातानं होणार नाही."