हवा भरणारा जगन

जगन कोळ्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पृथ्वीत हवा भरत होता, असं माझं प्रामाणिक मत झालं. परळला रघुवीररावांच्या बंगल्यात मी चहाला गेलो होतो. अंगणात एक काळाकभिन्न डोंगर पितळी नळीवर वाकून खाली-वर होत होता आणि प्रत्येक दाबाला असा फूत्कार निघत होता की भोईवाड्यापर्यंतच्या कोंबड्या खुराड्यात शिरल्या असाव्यात. आणखी दहा दाब बसले तर सगळं परळ उचललं जाऊन शिवडीच्या खाडीवर तरंगणार, या भीतीने मी खांब धरला. मग कळलं की तो रघुवीररावांच्या नव्या मोटारगाडीच्या चाकांत हवा भरतोय.

जगन मूळचा शीव कोळीवाड्यातला वल्हेकरी. होडी खडकावर फुटली, म्हणून तो इथे आला. काम एकच, पंप मारायचा. त्या कामाच्या बदल्यात तबेल्यामागची खोली मिळाली होती, तिथे तो आणि त्याची बायको मंजुळा राहत. स्वतःच्या दंडांवर त्याचा इतका जीव की बोलताना तो माणसाकडे कमी आणि दंडाकडे जास्त बघे.

अठराशे नव्याण्णव साली रघुवीररावांनी घासलेटवर चालणारं इंजिन आणलं. पट्टा लावला की ते पंप हाकणार. ते चालवायला गिरणीत यंत्रांना तेल घालणारा दौलत ठेवला. हा मंजुळेचा सख्खा भाऊ.

"हात की इंजिन, रविवारी ठरवू," रघुवीरराव म्हणाले. "डावी दोन चाकं जगनची, उजवी दोन इंजिनाची. जो आधी भरेल तो राहील."

हरला तर जगनची खोली जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच रविवारी पाहुणे जरा लवकर जमले. मीही.

दौलतने इंजिनाच्या डोक्याखाली दिवा लावला. डोकं लाल झाल्याशिवाय ते चालत नसे.

"दमानं घ्या भावोजी, छाती फुटंल," दौलत म्हणाला.

"तुझी चूल पेटंतवर मी शिवडीला जाऊन येतो, मेव्हण्या."

वल्हवताना देतात तसे हुंकार देत जगनने डावी दोन्ही चाकं भरली. इंजिन अजून कोमटच होतं. तिथे थांबला असता तर काम झालं होतं. पण पाहुणे टाळ्या वाजवत होते. गडी वळला आणि इंजिनाची दोन्ही चाकंही भरून मोकळा झाला. आम्ही हसून हसून बेजार.

"माणूस आहे की बैल," रघुवीरराव कौतुकाने म्हणाले.

"मग विहिरीच्या रहाटाला वेगळा बैल कशाला पोसता?" एका पाहुण्याने बिस्कीट बुडवत विचारलं.

रघुवीररावांना ते एकदम पटलं. बैल विकला. बागेचं पाणी रहाटावरून जगन काढू लागला आणि फावल्या वेळात हवाही भरू लागला. इंजिन पडून राहायला नको म्हणून कारंज्याला जोडलं. त्याच्याशेजारी स्टुलावर बसून दौलत तेलाचे थेंब सोडी.

"दोनच भरायची होती, भावोजी," तो स्टुलावरून सांगे.

"जिंकलो ना पन?" रहाटाभोवती फिरता फिरता जगन म्हणे.

"जिंकला म्हनं," मंजुळा दारातून बोले. "मग खांद्याला काय बांधलंय, ते सांग की."

मी गेलो की जगन उभा राहून दंड दाखवी आणि मीही वाहवा करी. तेवढ्यासाठी तो दोन फेरे जास्त घाली.

उन्हाळ्यात ओढून ओढून त्याला अंतर्गळ झाला, आतडं जांघेत उतरलं. मग रहाटही ओढवेना आणि पंपही मारवेना. खोली रिकामी करून घेतली. त्याच आठवड्यात रघुवीररावांनी गाडीला भरीव रबराची चाकं बसवली. त्यांत हवा भरावी लागत नाही.