हफसाला न आलेला ताप

१८ सप्टेंबर २०२५, गुरुवार. नळाला पाणी सहा ते साडेसात. मुख्तार आठला लूमवर गेला. अदीबाच्या होणाऱ्या सासरचे उद्या जेवायला, लग्नाची तारीख ठरेल. डॉ. धम्मदिना अकराला हफसाच्या केसांचा निकाल घेऊन येणार.

एवढं लिहून सफियाबींनी पेनाला टोपण लावलं. वय बहात्तर, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. पण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी घोटून घेतलेलं अक्षर अजून तसंच. यंत्रमागांच्या नारपोलीत कुणाचा तारखेवरून वाद पेटला की निवाड्याला लोक त्यांच्या डायरीकडे येत.

हफसा त्यांची धाकटी लेक, बेचाळीस वर्षांची. तिला विल्यम्स सिंड्रोम, क्वचित आढळणारा जन्मजात जनुकीय विकार. हिशेब तिला जमत नाही, पण रस्त्यातल्या अनोळखी बाईचाही हात धरून ती "जेवलीस का?" विचारते. आवाज मात्र सोसत नाही; मिक्सर लागला तरी कान झाकते.

जूनमध्ये धम्मदिनाने तिच्या डोक्याच्या मागून, अगदी मुळापासून, केसांची बारीक बट कापून नेली होती. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि ताणाचं हार्मोन, कॉर्टिसोल, त्यात साठत जातं. तीन सेंटीमीटर म्हणजे तीन महिने. अशा विकारांची माणसं रोज किती ताण सोसतात, हे तिला शोधायचं होतं.

आज अकराला ती आली तशी हफसाने दारातच तिला धरलं. "किती बारीक झालीस गं! घरी जेवायला देत नाय काय?"

"गावी अंबाडीला माझी आई पण हेच म्हणते, ताई." धम्मदिना हसली, मग कागद काढून म्हणाली, "आंटी, मधल्या सेंटीमीटरमध्ये कॉर्टिसोल चढलंय. एप्रिल-मेचा. एका आकड्यावरून छातीठोक सांगता येत नाही. तेव्हा ताप, स्टेरॉइडचं औषध, घरात काही वेगळं? तुमच्या डायरीत असेलच."

"असणारच." सफियाबींनी ऐटीत पान उघडलं आणि त्यांचं बोट थबकलं. एप्रिलातल्या सहा तारखांना तेच नीटस अक्षर: 'हफसाला ताप. वर झोपली.'

ताप कुठला! थोरल्या लेकाच्या, मुख्तारच्या मुलीला, अदीबाला बघायला लोक येत होते. घरात असं माणूस दिसलं की स्थळ परत फिरतं, म्हणून सफियाबींनी लेकीला खडखडणाऱ्या लूमच्या कारखान्यावरच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली होती. पाहुण्यांना ताप सांगितला, आणि तोच डायरीत उतरवला.

"मग ताप लिहू?" धम्मदिनाने पेन टेकवलं.

"मला ताप नव्हता," बिस्किट मोडत हफसा म्हणाली. "पाहुणे होते."

स्वयंपाकघरात आईजवळ असलेली अदीबा धावत आली. "दादी, ताप लिहू दे ना. उद्या ते लोक येतायत."

सफियाबींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मान वर करवेना. "नव्हता ताप," त्या वहीकडे बघतच म्हणाल्या. "मी कोंडलं होतं तिला. सहा वेळा. खाली लूम चालू होते."

धम्मदिनाने ते तसंच लिहून घेतलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"तू दार का नाय वाजवलंस गं?" सफियाबींनी लेकीला विचारलं.

"तू ओरडली असतीस. मी कान झाकून बसले. मग सहा वाजता तू आलीस ना." हफसाने अर्धं बिस्किट आईपुढे केलं.

सफियाबींनी ते घेऊन खाल्लं. मग त्यांनी सहाही ओळींवर एकेक रेघ मारली आणि प्रत्येकीखाली लिहिलं: 'मी कोंडले.'

"आणि उद्या?" अदीबाचा आवाज रडवेला झाला. "ते उठून गेले तर?"

"आल्या आल्या मीच सांगेन त्यांना. मघाशी डॉक्टरला सांगितलं, तसंच." अदीबा पाय आपटत आत गेली.

संध्याकाळी त्यांनी लिहिलं: उद्या पाहुणे सहा, हफसा धरून घरचे पाच. अकरा प्लेटी धुऊन पुसून ठेवल्या.