तुझं कोण आलंय?

शेजारच्या मुलीचं शाळेत स्नेहसंमेलन होतं. तोंडावरचा रंग काढायला तिच्या आईने खोबरेल तेल चोळलं आणि त्या वासाने मला परळच्या कलापथकात नेलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी एकोणीस वर्षांची, पथकात शिकाऊ. प्रयोग संपला की सगळ्यांचे रंगवलेले चेहरे तेलाने पुसायचे, हे माझं काम. मुलीने नाटकवाल्यांत जाणं वडिलांना पसंत नव्हतं. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत ते माझ्याशी बोलत नसत, आणि आई त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती.

एका रविवारी लालबागच्या चाळीत प्रयोग होता. नटी आजारी पडली म्हणून मला उभं केलं. टाळ्याही मिळाल्या. मग प्रत्येकाभोवती त्याची त्याची माणसं जमली. मी आरशासमोर एकटीच बसले.

"तुझं कोण आलंय गं?" ढोलकी वाजवणाऱ्या तात्यांनी विचारलं.

"आई आलीय. बाहेर थांबलीय."

"मग जा की! तोंड पुसू नको, तिला बघू दे."

खोटं खरं दिसावं म्हणून मी तशीच बाहेर पडले. ट्राममध्ये सगळे माझ्याकडे बघत होते.

पुढच्या प्रयोगातही मलाच उभं केलं, तेव्हा तात्या बायकोला घेऊन आले. "ही तुझं काम बघायला आलीय," एवढंच म्हणाले.

बाहेर आई नव्हती हे तात्यांनी त्या दिवशी पाहिलं असणार. खोटं पकडलं गेलं, या लाजेने मी त्या बाईंशी धड बोललेही नाही. त्या मात्र पुढे बसून शेवटपर्यंत माझ्याकडेच बघत होत्या. फक्त माझ्यासाठी आलेलं ते पहिलं माणूस. त्यांचं नावसुद्धा मी विचारलं नाही.