परतवाड्याच्या काळ्या मातीत प्रॉडर

आमच्या तुकडीतला नाईक सलीम गेला, त्या दिवशी मी त्याच्या मागे होतो. तो पोटावर पडून प्रॉडर, म्हणजे टोकदार सळई, मातीत तिरका घालत सुरुंग शोधत होता. सरळ घातला तर सुरुंगावरच दाब येतो. स्फोटानंतर रेडिओ सेटवर आवाज आला, "चार्ली टू, रिपोर्ट. ओव्हर." मी बटण दाबलं. ते तसंच दाबून धरलं.

रिटायर होऊन अमरावतीला आलो. यंदा उन्हाळ्यात सलीमच्या वडिलांचा, चाचांचा, फोन आला. परतवाड्याच्या जुन्या लष्करी दफनभूमीतलं गवत ते वर्षानुवर्षं कापतात. लहानपणी सलीमही हाताखाली असे. बरीच थडगी काळ्या मातीनं गिळली होती. मी पोचलो तेव्हा रस्त्यासाठी जेसीबी येऊन उभा राहिला होता.

कंत्राटदार म्हणाला, "जेवढी थडगी दाखवान तेवढी जागा सोडतो. बाकीचं आजच सपाट."

मी लोहाराकडून सळई प्रॉडरसारखी घासून आणली आणि पोटावर पडलो. इथे सुरुंग नाहीत, हे मला ठाऊक होतं. हातांना ते पटत नव्हतं.

जेसीबीचा ड्रायव्हर हसला. "फौजी, मुरदे चावते काय? रोवा ना सरळ."

"तू गप बस बे," चाचा म्हणाले. "दगड फुटला तं तुह्याच डोक्यावर ठेवतो."

सळईच्या टोकाला काहीतरी लागलं. टक्.

"कोणी हलू नका," मी ओरडलो. ड्रायव्हरचं हसू थांबलं. माझी बोटं सळईवरून सुटेनात.

चाचा गुडघे धरत माझ्या शेजारी आडवे झाले. हळूच विचारलं, "त्या दिवशी बी असंच वाजलं होतं काय, बेटा?"

"नाही चाचा. त्या दिवशी स्फोटाआधी काहीच वाजलं नाही."

चाचांनीच हातानं माती उकरायला घेतली. खाली दगड होता. नाव झिजलेलं, पलटणीची खूण शाबूत. चाचांनी त्यावर चुना टाकला. "पुढं सरक," म्हणाले. मी सरकलो.

दिवस मावळेपर्यंत चुन्याच्या खुणा पार बांधापर्यंत गेल्या. सपाट करायला जागाच उरली नाही, म्हणून कंत्राटदारानं जेसीबी परत नेला.

आता तिथे तारेचं कुंपण आहे. आत त्या पलटणीचे शिपाई आहेत. सलीम अचलपूरच्या कब्रस्तानात आहे. सळई चाचांच्या दाराआड आहे. अजून काही दगड मातीखाली आहेत. ते शोधायला जातो तेव्हा सळई मी तिरकीच घालतो.