कल्हईच्या कोपऱ्यातली माती

अब्बांनी कल्हईची भट्टी बंद केली त्याच वर्षी मी बेलापूरच्या आमच्या अंगणातली माती पुण्याच्या प्रयोगशाळेत नेली. खरं तर पिशवी त्यांनीच भरून दिली. "आपली माती बघ की," म्हणाले, "भायरची कशाला?" भट्टी बंद झाल्यापासून ते चिडचिडे झाले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "कल्हई हाय ती, घासली की जाती. जलमभर केलं, मागं काय ऱ्हायलं न्हाई." मला ते ऐकवायचं नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. अणुभट्टीतला कचरा खोल पुरायचा तर त्याच्याभोवती चिकणमाती भरावी म्हणतात, म्हणजे कचऱ्याची पेटी गळलीच तर किरणोत्सारी धातू मातीच्या कणांना चिकटून बसावेत. ते कसे चिकटतात, हे मी बघते. पाण्यात धातू विरघळवायचा, माती टाकायची, बाटली हलवत ठेवायची आणि पाण्यात किती धातू उरला ते तपासायचं. जो उरला नाही तो मातीवर बसला. किरणोत्सारी सीझियमऐवजी मी साधा वापरते. चिकटण्याच्या बाबतीत दोघांच्या सवयी सारख्याच. सोबत दुर्मिळ मृदा धातूंपैकी सेरियम.

आमच्या मातीनं सेरियम मुकाट्यानं धरला. सीझियम मात्र बराचसा पाण्यातच. मी चक्रावले, कारण चिकणमातीच्या थरांच्या उसवलेल्या कडा म्हणजे सीझियमची हक्काची जागा. तिथे शिरला की तो सहसा निघत नाही. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "पुन्हा एकदा कर. नाही जमलं तर ही माती सोडून देऊ." इकडे अब्बा दर फोनला विचारायचे, "पास झाली का माती?" "अजून तपासतेय," म्हणून मी विषय बदलायचे.

शेवटी घरी गेले आणि विचारलं, माती नेमकी कुठली भरली होती?

"त्या कोपऱ्यातली. मऊ हाय म्हनून."

"तिथं तुम्ही काय टाकायचात?"

"टपातलं पानी. अजून काय?"

कल्हई झालेलं तापलेलं भांडं अब्बा पाण्याच्या टपात बुडवायचे आणि काम संपलं की ते पाणी कोपऱ्यात ओतायचे. कथील पसरावं म्हणून भांड्यात नवसागर टाकलेला असायचा; त्याच्या धुरानं आम्ही पोरं खोकत पळायचो. नवसागरात अमोनियम असतं, ते टपातल्या पाण्याबरोबर कोपऱ्यात मुरलं असणार. त्याला बसायला सीझियमचीच जागा लागते! टपातलं पाणी जिथं कधीच पडलं नव्हतं ती घरामागची माती खणायला मी चपला न घालताच पळाले.

त्या मातीनं सीझियम झटकन धरला. कोपऱ्यातल्या मातीत अमोनियम ठासून भरलेलं निघालं. मॅडम इतक्या खूश झाल्या की दोन्ही माती ठेवायला सांगितल्या.

पुढच्या खेपेला अब्बांना सगळं समजावलं. माती नापास नव्हती, तिच्या जागा त्यांच्या नवसागरानं आधीच धरल्या होत्या.

"अजून हाय त्यो?"

"आहे. मी कितीदा धुतली माती. नुसत्या पाण्यानं जात नाही तो."

त्यांनी कोपऱ्याकडे मान वळवली. तेवढ्यात अम्मी भांडी विसळलेलं पाणी घेऊन तिकडे निघाली.

"तिकडं नको वतू," अब्बा म्हणाले.

पाण्यानं जात नाही, हे मी आत्ताच सांगितलं होतं. तरी मीच उठून अम्मीच्या हातातली बादली घेतली आणि रस्त्याकडेला ओतून आले.