दोन सेकंदांचे चाचा

चहाच्या एका जाहिरातीत चाचा येतात. डोक्यावर जाळीची टोपी, डोळ्यांत सुरमा, हातात झाकलेला वाडगा. शेजारचं हिंदू कुटुंब त्यांना हाताला धरून आत घेतं, सगळे हसतात, चहा उकळतो. चाचांच्या तोंडी एकही वाक्य नाही. तरी ती जाहिरात लागली, की माझे डोळे भरून येतात. बायको विचारते, "रुमाल देऊ, की टॉवेलच आणू?"

परवा असंच नाक ओढत मी म्हणालो, "शेजार असावा तर असा!"

लेकीनं मोबाइलमधून मान वर केली. "बाबा, शेखकाकूंचा शीरखुर्मा कसा होता हो?"

शेख आमच्या समोरच्याच दारात राहतात. दर ईदेला काकू डबा आणून देतात. आम्ही तो दारातच घेतो आणि 'त्यांच्याकडची भांडी, कोण जाणे' म्हणत आतला शीरखुर्मा कामाच्या मावशींना देऊन टाकतो. डबा रिकामा परत करू नये, ही आईची शिकवण मात्र मी कटाक्षानं पाळतो. लख्ख घासून, साखर घालून देतो. यंदा काकूंनी विचारलं, "भाऊ, गोड जास्त नाही ना झाला?"

"छे हो, अगदी बेताचा!" मी म्हणालो. केवढ्या खूश झाल्या त्या!

पडद्यावरचे चाचा निदान दोन सेकंद आत तरी आले. काकू अजून उंबऱ्यापलीकडेच आहेत.

लेक उत्तराची वाट पाहत होती. अकरा ईदा झाल्या, आणि मला त्या शीरखुर्म्याची चव ठाऊक नव्हती.