तीस हातांवरचा धागा

ताराचंद निखारे आमच्या वामनराव वकिलांचा ड्रायव्हर आणि मी त्यांचा मुनशी. एकोणीसशे अडतीस साली सीताबर्डीवर मोटारवाले वकील बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे ताराचंदची ऐट माझ्यापेक्षा मोठी. पगारही मोठा, पण ते जाऊ द्या.

जातीने तो कोष्टी. बाप रामाजी तांडापेठेत लुगडी विणायचा. सहा वर्षांपूर्वी पोराने माग सोडून मोटार धरली तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला, "मोटारीच्या धुरानं डोये जातीन तुहे. धागा दिसनार नाही." त्यानंतर तो पोराशी बोललाच नाही. ताराचंद दर सणाला जायचा, पाया पडायचा आणि मुकाट परत यायचा.

एका सकाळी पाहुण्यांना इतवारी स्टेशनावर सोडून तो तांडापेठेतून परतत होता. कोष्ट्यांच्या वस्तीत सकाळी रस्ता हा रस्ता नसतोच. खुंट्या रोवून त्यांवर लुगड्याचा लांबलचक ताणा, म्हणजे उभे धागे, पसरतात आणि कुंच्याने खळ लावतात. वळणावर तिथल्याच सखूबाई कोष्टिणीचा ताणा समोर आला. ब्रेक लागायला वेळ नव्हता. ताराचंदने चाक फिरवलं आणि मोटार कडुलिंबावर घातली. दिवा, मडगार्ड, रेडिएटर, सगळं गेलं. ताराचंदच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. ताण्याचा एकही धागा तुटला नाही.

मोटारीचा विमा होता, मुंबईच्या एका कंपनीचा. आता या कंपन्यांचं काय सांगू! हप्ता घेताना मधाचं बोट, द्यायची वेळ आली की कानात बोळे. फॉर्मात रकाना होता, 'अडथळ्याचे वर्णन'. ताराचंदने सांगितलं, मी माझ्या झकास इंग्रजीत लिहिलं: दोन हजार धागे, पिवळे, काठ लाल, खळ ओली. कंपनीने विचारलं, सूत मोटारीपेक्षा मजबूत असते काय? मी लिहिलं, नसते. कंपनीने लिहिलं, मग सुतावरून मोटार का नेली नाही? चालकाने झाडावर जाणूनबुजून घातली, सबब भरपाई नाही. पाच पत्रं झाली. गाढवापुढे वाचली गीता!

वामनराव चिडले. "ताराचंद, सोपं आहे. धागा दिसला नाही, एकदम समोर आला, घाबरून चाक फिरलं, असं लिहून दे. कंपनीचा माणूस चौकशीला येतो आहे. तो नाही म्हणाला तर दुरुस्ती माझ्या बोकांडी, आणि तू दुसरी नोकरी बघ."

"दुसरं काहीबी लिवतो, साहेब. धागा दिसला नाही, हे नाही लिवनार."

"काहून पण?" मी ओरडलो. माझ्याही तोंडात त्याचीच बोली आली.

"बाप जित्ता हाय माहा," तो म्हणाला.

मला त्याचा राग आला आणि खरं सांगतो, हेवाही वाटला. माझ्या बापासाठी मी एवढं कधी केलं नसतं.

कंपनीचा इन्स्पेक्टर आला. टाय, काळा चष्मा, वही. आम्ही त्याला तांडापेठेत नेलं. गल्ली जमली. रामाजी आपल्या दारात पाठ करून बसला होता. सखूबाईचा नवा ताणा लागलेला होता आणि ती कुंचा मारत होती.

"त्या दिवशी तुम्ही कुठे होता, बाई?" इन्स्पेक्टरने सहज विचारलं.

"कुठं म्हंजे? अथीच, ताण्यापाशी. ताणा का आपल्या हातानं खळ लावून घेते?"

इन्स्पेक्टरचं पेन थांबलं. "म्हणजे मोटार ताण्यावर गेली असती तर..."

"तं मी वर गेली असती!"

तो माझ्याकडे वळला. "पाच पत्रांत हे एकदाही का नाही?"

मी ताराचंदकडे पाहिलं. तो बिचारा गोंधळला. "ताणा म्हटला का बाई आलीच ना, साहेब. ते काय लिवाचं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काठाचा रंग लिहिला होता मी!

"म्हणजे या बाईला वाचवायला चाक फिरवलं," इन्स्पेक्टर लिहू लागला.

"हो. पन आधी धागा दिसला. तीस हातांवरून. मंग सखूकाकू."

"मेल्या, आधी धागा?" सखूबाईने कुंचाच उगारला. इन्स्पेक्टर हसला, आणि जे ऐकलं ते सगळं त्याने लिहून घेतलं.

महिन्याने भरपाई मंजूर झाली, नोकरी राहिली. सोबत अहवालाची नक्कल होती. ती घेऊन मी ताराचंदबरोबर रामाजीकडे गेलो आणि मराठीत वाचली: चालकास धागा तीस हातांवरून दिसला.

म्हातारा मागावर बसला होता. "पुन्हा वाचा, मुनशीजी."

पुन्हा वाचलं. तो मागावर बोटं फिरवत, मान वर न करता म्हणाला, "ताऱ्या, अथी ये. एक धागा तुटला हाय कुठंतरी. मले दिसून नाही राहिला आता. तू पाह्य बरं."